बाळंतिणीच्या पाण्याचं मशीन

भिकनला कुणी नुसतं म्हणायचा अवकाश की अमुक ठिकाणी बिघाड आहे, हा गडी पाना शोधायला उठलाच म्हणून समजा. पुढचं वाक्य ऐकून घ्यायचं असतं हे त्याच्या गावीच नाही. त्याची बायको इंदूबाई होती तोवर ती त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवायची. "बठ ना, आधी पुरं आयकी ले," असं म्हणायची. इंदूबाई गेली, आणि सदरा धरणारं कुणी उरलं नाही.

सुरतेच्या भेस्तानमध्ये रेल्वेलाइनच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे, तिथे तो राहायचा. पारोळ्याकडून सुरतेला आला तो लूम चालवायला. पण साच्यांच्या, म्हणजे त्या मागांच्या, खडखडाटात त्याचं डोकं काही रमलं नाही, म्हणून उधन्यातल्या एका फ्रिजवाल्याच्या हाताखाली राहिला आणि ते काम शिकला. पुढे खोलीच्या जवळच एक शेड घेतली. शेडमध्ये मेलेले फ्रिज, बाटल्यांचे कूलर, कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेले एसी, सगळे एकावर एक. येणारेजाणारे त्याला भंगारवाला समजायचे. त्याला त्याचा भारी राग यायचा. "भंगार काय भंगार? यातलं निम्मं अजून जिवंत आहे!" असं तो ओरडून सांगायचा.

तर सत्त्याण्णव सालचा श्रावण लागला आणि त्याची एकुलती एक लेक वर्षा माहेरपणाला आली. चलथाणला दिलेली. जावई कुंदन तिथल्या साखर कारखान्यात. पोरीला दिवस गेले होते. जाताना बापाच्या शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "आबा, बाळंतपणाला मी इथंच येईन हं. मला इथंच यायचंय."

आता यात सांगण्यासारखं काय आहे? पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय नवी गोष्ट झाली? पण माहेरी आई नव्हती ना! दोन माणसांचं घर होतं, त्यातलं एक गेलं, आणि उरलेला माणूस डाळभात शिजवून शेडमध्येच जेवणारा. इंदूबाई गेल्यापासून त्या खोलीत भिकन फक्त झोपायला जायचा. लेकीने तसं म्हटलं आणि इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला घर आहे.

मग चलथाणहून निरोप आला. विहीणबाई, म्हणजे उषाबाई, म्हणाल्या, "पोर इथंच राहू द्या. तिथं कोण करेल तिचं?"

भिकन दुसऱ्याच दिवशी बस धरून चलथाणला हजर. उषाबाई काही खाष्ट बाई नव्हती हो. सरळ बोलायची एवढंच. तिने त्याला पाटावर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "भिकनभाऊ, बाळंतिणीला दोन वेळा कढत पाण्याची आंघोळ लागते. बादल्याच्या बादल्या. वर बाळाचं वेगळं. पाणी कोण तापवेल? कोण उचलेल?"

"शेजारच्या शोभाबाई आहेत."

"त्यांची कंबर गेलीय म्हणे."

ते खरं होतं. शोभाबाईच्या हाताला मालिशीचा गुण होता, गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. पण आता तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "बसून कितीही चोळेन बापा, पण पाण्याचं भगुणं उचलायला सांगू नको." रॉकेलचा स्टो जमिनीवर, मोरी दुसऱ्या टोकाला. आणि रॉकेल तरी कुठं मिळत होतं हवं तेवढं? विजेचा हीटर लावावा, तर खोल्यांचा मालक शेठ लाइटबिलाच्या बाबतीत राक्षस. वायर जुनी, सगळ्या ओळीला मीटर एकच. कुणी हीटरचं नाव काढलं की तो दारात येऊन ओरडायचा, "हीटर नथी चलाववानुं! पंखा, बल्ब, बस!"

उषाबाई पुढेही काही बोलत होती. बाळंतपण म्हणजे काय एकटं पाणी नव्हे, असं काहीतरी. पण भिकनला बिघाड सापडला होता. गरम पाणी. झालं! चहा अर्धा टाकून तो उठला. "विहीणबाई, पाण्याचं मी बघतो. तुम्ही एकदा येऊन बघा, मग ठरवा." उषाबाई बघतच राहिली.

शेडमध्ये आला आणि कामाला लागला. शोभाबाई दारात बसून भाजी निवडत विचारायची, "काय करी ऱ्हायना रे, भो?"

"मावशी, फ्रिजच्या मागं हात लावलाय कधी?"

"लावलाय की. गरम असतो."

"का गरम असतो? आत तुम्ही भाजी ठेवता, दूध ठेवता. त्यातली ऊब काढून फ्रिज मागं फेकतो. फुकट भिंत तापते. मी म्हणतो, भिंतीला कशाला तापवू? पाण्याला तापवतो!"

शोभाबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "आणि भाजी कुठं ठेवशील?"

"भाजी नाही, मावशी! ऊब हवेतनं घ्यायची. हवा काय थोडी आहे सुरतेत?"

तिला पटलं की नाही देव जाणे. पण भिकनला ते एवढं पटलं होतं की त्याला जेवण सुचेना. एका लाल फ्रिजचं दार सडलं होतं, पण कॉम्प्रेसर ठणठणीत होता. तो काढला. हा कॉम्प्रेसर वीज खायचा दोन पंख्यांइतकी, शेठच्या बापालाही कळलं नसतं. एका खानावळीचा जुना स्टीलचा ड्रम मिळाला. त्याच्याभोवती तांब्याची नळी गुंडाळली, म्हणजे कॉम्प्रेसरमधून तापून येणारा गॅस त्या नळीतून ड्रमभोवती फिरणार आणि पाण्याला ऊब देणार. पुढे केसासारखी बारीक नळी, आणि त्याच्यापुढे कोल्ड्रिंकच्या कूलरमधली जाळी आणि पंखा. तिथे गॅस गार होऊन हवेतली ऊब ओढून घेणार. ऊब घेऊन परत कॉम्प्रेसरकडे. गोल गोल. सांगायला सोपं आहे.

पहिल्या खेपेला पाणी कोमट झालं आणि कॉम्प्रेसर तापून आपोआप बंद पडला. नळी ड्रमला सैल बसली होती, ऊब पाण्यात न जाता तशीच फिरत होती. भिकनने स्वतःच्या नावाने चार शिव्या हासडल्या, सगळी नळी उलगडली, ठोकून घट्ट बसवली, जागोजागी डाग देऊन जोडली. सांध्यांवर साबणाचा फेस लावून लीक तपासला. बाहेरून फ्रिजमधल्या काचलोकरीची गोधडी, वर गोणपाट. पुन्हा गॅस भरला. संध्याकाळी चालू केलं, सकाळी झाकण उघडून हात घातला, आणि "आई गं!" करून झटकन बाहेर काढला. बोटं लाल झाली होती. तो एकटाच शेडमध्ये उभा राहून हसला. मग खोलीकडे निघाला आणि शेडच्या दारातच थांबला, कारण ही बोटं ज्या माणसाला नेऊन दाखवायची ते माणूस नव्हतं.

आणि तो पंखा! जाळीतून येणारा वारा असला गार, की दुपारी शेडमधल्या उकाड्यात गल्लीतली पोरं त्याच्यासमोर ठाण मांडून बसायला लागली. भिकनची छाती फुगली. गरम पाणी करता करता गार हवा वरकड मिळाली होती. आयुष्यभर ज्याने गारवा करून पोट भरलं, त्याला गारव्याइतकी चांगली वस्तू दुसरी कोणती वाटणार?

उषाबाई आणि वर्षा यायच्या दिवशी सकाळी त्याने मशीन शेडमधून उचलून खोलीत आणलं. खोली रगडून धुतलेली, खाटेवर नवी चादर. ड्रम मोरीच्या तोंडाशी बसवला, त्याला खाली नळ. तोटी फिरवली की पाणी थेट बादलीत, उचलायचं नाव नाही. आणि जाळी-पंखा कुठे ठेवावा? तर या शहाण्याने पंख्याचं तोंड मुद्दाम, अगदी नेम धरून, खाटेकडे केलं.

दोघी आल्या. वर्षाला आता चालताना दम लागत होता. चलथाणहून शटल रिक्षात दाटीवाटीने येऊन घामाघूम झाली होती. ती खाटेवर बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "आहाहा, आबा, काय छान गार वाटतंय इथं!"

भिकनला स्वर्ग ठेंगणा झाला. त्याने तोटी फिरवली. वाफाळतं पाणी बादलीत पडलं. उषाबाईने हात घातला, काढला, भुवया वर गेल्या. "बाई गं! स्टो नाही, चूल नाही, काही नाही." शोभाबाई दाराशी बसून कौतुकाने मान हलवत होती. पुन्हा एकदा हात घालून उषाबाई म्हणाली, "चांगलं तापलंय. बाळंतिणीला असंच लागतं."

इथे थांबला असता तर? पण थांबेल तो भिकन कसला! "एवढंच नाही, विहीणबाई," तो म्हणाला, "हे बघा, जाळीतनं गार हवा. खाटेवर सोडलीय. रात्रंदिवस. पोरीला आणि बाळाला एसी फुकट!"

उषाबाईचा हात बादलीवरच राहिला.

"हाई काय शे?" ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "गार वारा? बाळंतिणीच्या खाटेवर?"

शोभाबाईने कपाळावर हात मारून घेतला. तिने शेडमध्ये तो वारा किती वेळा अंगावर घेतला होता, पण मशीन खोलीत येणार आणि पंख्याचं तोंड खाटेकडे होणार, हे तिच्या तरी कुठे ध्यानात आलं होतं? बाळंतिणीच्या खोलीला खिडकीची फटसुद्धा चिंधी कोंबून बुजवतात. कानाला फडकं, पायात मोजे, खाटेखाली शेगडी. अंगात वारा शिरला तर जन्माचं दुखणं. हे पोरीबाळींनासुद्धा माहीत असतं. आणि हा बाप, लेकीसाठी जिवाचं रान केलेला बाप, तिच्या उशाशी वाऱ्याचं यंत्र मांडून बसला होता!

"अहो, पंख्याचं तोंड फिरवतो की," भिकन म्हणाला.

"फिरवाल हो," उषाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "मी आज आले म्हणून फिरवाल. उद्या? बाळाचं पोट फुगेल, पोरीच्या छातीत गाठी येतील, तिला रडू कोसळेल आणि का ते तिलाच सांगता येणार नाही. तेव्हा तुम्हाला कोण सांगेल, भिकनभाऊ? त्या दिवशी मी हेच म्हणत होते, तर तुम्ही चहा टाकून पळालात. पाण्याचं नव्हतं हो माझं एवढं. चल वर्षा."

वर्षा उठली नाही. चादरीचा कोपरा मुठीत धरून बसली. तिचे डोळे भरले होते, पण सासूसमोर काय बोलणार? बापाकडे नुसती बघत राहिली.

इतर कुठला दिवस असता तर भिकन पाना घेऊन त्या पंख्याशी झटायला लागला असता. हात तसा पुढे गेलाही. पण तो थांबला. मग चक्क जमिनीवर, उषाबाईच्या पुढ्यात, मांडी घालून बसला.

"सांगा," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"सगळं. इंदू असती तर तिने सांगितलं असतं. ती नाही. मला खरंच काही माहीत नाही हो, विहीणबाई. मी उठत नाही आता. पहिल्यापासून सांगा."

उषाबाईच्या घरात पुरुष म्हणजे सासरा, नवरा, दीर, सगळे ऐकवणारे. तिच्यासमोर असा कुणी बसला नव्हता. ती दाराकडे निघालेली, तशीच थबकली. शोभाबाईने सरकून तिला जागा करून दिली. आणि मग उषाबाई बसली आणि बोलायला लागली, आधी तुटक, मग भरभरून. बाळंतिणीने पहिले दिवस काय खायचं आणि कशाला शिवायचं नाही. धुरी कशाची द्यायची, बाळ कुठल्या रडण्याला भुकेलेलं आणि कुठल्याला दुखणाईत. दूध दाटलं तर कसं शेकायचं, तेही तिने सांगितलं. भिकनने मान खाली घातली, पण ऐकलं. पोर अचानक रडली तर कारण विचारायचं नाही, जवळ बसायचं, असंही तिने सांगितलं. "माझ्या वेळी माझी आई बसायची," ती म्हणाली.

मध्येच भिकन विचारायचा, "म्हणजे किती दिवस?" "म्हणजे वारा खालूनही नको?" एकदाही उठला नाही.

सगळं झाल्यावरच तो मशीनकडे गेला. जाळी-पंखा उचलून मागच्या खिडकीत बसवायचा आणि तोंड बाहेरच्या बोळाकडे करायचं, एवढंच काम. पण नळीत गॅस भरलेला, आणि तांबं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होतं. तो हलक्या हाताने वाकवत होता, तिघी श्वास रोखून बघत होत्या. जाळी खिडकीच्या चौकटीपर्यंत आली. अजून वीतभर. आणि नळीने कट् केलं. फुस्सकन आवाज झाला, आणि बघता बघता सगळा गॅस उडून गेला. कॉम्प्रेसर घरघरत राहिला, तो भिकनने हात लांब करून बंद केला.

"काय व्हयनं?" शोभाबाईने विचारलं.

"संपलं," भिकन म्हणाला. एवढ्या दिवसांची मेहनत हवेत गेली होती. त्याने पाठ फिरवून डोळे पुसले, पण पुसले ते सगळ्यांनी पाहिलं.

उषाबाईने पदर खोचला, पिशवी उचलली. "सातव्या महिन्यात ओटी भरते," ती म्हणाली, "आणि मग धाडते पोरीला."

भिकनला कळेना. "पण मशीन तर मेलं, विहीणबाई."

"मग दुरुस्त करा! मेकॅनिक ना तुम्ही?"

वर्षा तोंडावर पदर घेऊन हसत होती का रडत होती, ते तिलाच ठाऊक.

पोरगी झाली ती थंडीच्या ऐन भरात. सुरतेची थंडी ती काय म्हणाल, पण पहाटे बोळातून वारा सुटला की पत्रे कुडकुडतात. मशीन केव्हाच नीट झालं होतं. जाळी खिडकीबाहेर, चौकटीभोवती फळ्या आणि गोणपाट, आत सुईएवढी फट नाही. शोभाबाई मोरीत पाट घेऊन बसायची, तोटी फिरवायची, आणि वर्षाच्या पाठीवर वाफाळतं पाणी पडायचं.

पाचवीच्या पूजेला उषाबाई भल्या सकाळी आली. आत आंघोळ चालली होती. भिकन दिसेना. ती खोल्यांच्या ओळीला वळसा घालून मागच्या बोळात गेली, तर हा बाबा खिडकीखाली उकिडवा बसलेला. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, आणि वरून पंख्याचा गार वारा थेट त्याच्या अंगावर. दातावर दात आपटत होते.

"भिकनभाऊ, इथं काय करताय?"

"काही नाही. मशीन बघतोय."

मशीन कुठला बघतोय! आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि वर्षाचा, "ओता मावशी, अजून ओता, हाडं सुटली बघा माझी." बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही. आणि लेकीचं बोलणं ऐकू येईल अशी दुसरी जागा नव्हती. उषाबाईला ते कळलं. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली, आणि तिच्याही अंगावर काटा आला, तो काही नुसता वाऱ्याने नव्हे.

"चला आत," ती म्हणाली. "आंघोळ झाली. वर्षा पडद्यामागं आहे. शोभाबाईचे हात तेलाचे, माझे पूजेचे. बाळाला धरायला कुणी नाही."

"मी? मी येऊ आत?"

"मग कोण? चला!"

दार लगेच लावून घेतलं. खोलीत ऊब, ओव्याच्या धुरीचा वास. उषाबाईने दुपट्यात गुंडाळलेलं ते लाल गाठोडं उचललं आणि त्याच्याकडे केलं. भिकनचे दोन्ही हात पुढे आले. उषाबाई काही सांगायला तोंड उघडणार, तोच ते हात मागे गेले.

"थांबा," तो म्हणाला. "माझे हात गार आहेत."

तो मोरीशी गेला, तोटी फिरवली, आणि सोसवेल तेवढ्या गरम पाण्याखाली दोन्ही हात धरून उभा राहिला. लाल झाले तसे पुसले, गालाला लावून बघितले, मानेला लावून बघितले. उषाबाई नात हातात घेऊन थांबली होती. मग तो आला, खाली नीट मांडी घालून बसला, आणि म्हणाला, "द्या आता."